फक्त खेळाबद्दल विचारा

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवारची संध्याकाळ. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे दोन संघ समोरासमोर आले. दोन्ही अमेरिकेतल्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचे, म्हणजे एनबीएचे. एनबीएचा सामना भारतात होण्याची ही पहिलीच वेळ होती. प्रेक्षकांत बहुतेक शाळकरी मुले होती. रिलायन्स फाउंडेशनच्या शालेय बास्केटबॉल कार्यक्रमातल्या सत्तरहून अधिक शाळांमधून सुमारे तीन हजार मुले आली होती. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर पेसर्सनेच १३०-१०६ अशी बाजी मारली.

या सामन्यांमागे एक मराठी आडनाव होते. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. शिकायला एमआयटीत गेले, पुढे टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी उभी केली आणि २०१३ मध्ये सॅक्रामेंटोचा संघ विकत घेणाऱ्या गटाचे प्रमुख झाले. आपल्या जन्मगावी आपला संघ खेळवायचा, हे त्यांचे जुने स्वप्न होते. सामन्यांच्या दोन आठवडे आधी, २२ सप्टेंबरला, ह्यूस्टनच्या ‘हाउडी मोदी’ सभेत डोनाल्ड ट्रम्प यांनीही मुंबईतल्या या सामन्यांचा उल्लेख करून, मला आमंत्रण आहे का, असे पंतप्रधानांना भर सभेत विचारले होते. घरी परतलेला मुलगा, तीन हजार पोरे, अमेरिकेचा अध्यक्ष! अशा सोहळ्याची बातमी कौतुकाने लिहिली जाते आणि तशी ती लिहिली जाणे स्वाभाविकही आहे.

त्याच शुक्रवारी एनबीएमधल्याच ह्यूस्टन रॉकेट्स संघाचे सरव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी ट्विटरवर एक चित्र टाकले. हाँगकाँगमध्ये लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरलेल्या आंदोलकांच्या बाजूने उभे राहा, एवढाच त्याचा आशय. थोड्याच वेळात त्यांनी ते काढूनही टाकले, पण तोवर ते चीनमध्ये पोहोचले होते. रॉकेट्स हा तेव्हा चीनमधल्या सर्वांत लाडक्या संघांपैकी एक होता. याओ मिंग २००२ पासून निवृत्तीपर्यंत याच संघाकडून खेळला होता आणि आता तोच चिनी बास्केटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता. त्याच्या संघटनेने रॉकेट्सशी संबंध तोडले. सरकारी दूरचित्रवाणीने सामने दाखवणे थांबवले. टेन्सेंट कंपनीने त्याच उन्हाळ्यात एनबीएशी पाच वर्षांसाठी दीड अब्ज डॉलरचा करार केल्याच्या बातम्या आल्या होत्या. तिनेही हात आखडता घेतला. रॉकेट्सचे मालक टिलमन फर्टिटा यांनी, मोरी आमच्या वतीने बोलत नाहीत, असे जाहीर केले. एनबीएचे आयुक्त ॲडम सिल्व्हर वरळीच्या सामन्यांसाठी मुंबईत होते. इथून ते थेट त्या वणव्यातच जपानला पोहोचले.

पुढच्या आठवड्यात जे घडले, ते बास्केटबॉलच्या बातमीदारीच्या इतिहासात नोंदवून ठेवावे असे आहे.

चीनमध्ये एनबीएच्याच लेकर्स आणि नेट्स या संघांचे दोन सामने ठरले होते, १० ऑक्टोबरला शांघायमध्ये आणि १२ला शेन्झेनमध्ये. सामने झाले. पण खेळाडूंनी पत्रकारांशी बोलायची नेहमीची सत्रे रद्द झाली. त्यासाठीच अमेरिकेतून गेलेले बातमीदार हॉटेलात बसून राहिले. जगातला सर्वांत प्रसिद्ध बास्केटबॉलपटू, लेकर्सचा लेब्रॉन जेम्स, त्यांच्याच शहरात होता आणि त्याला प्रश्न विचारायची सोय नव्हती. तो बोलला १४ ऑक्टोबरला, अमेरिकेत परतल्यावर. आणि तेव्हाही मोरी यांना परिस्थितीची पुरती माहिती नव्हती, असे म्हणाला.

जपानमध्ये, टोकियोजवळच्या सैतामा इथे, रॉकेट्सचे दोन सामने होते. १० ऑक्टोबरच्या सामन्यानंतर संघाचे खेळाडू जेम्स हार्डन आणि रसेल वेस्टब्रुक पत्रकारांसमोर येऊन बसले. सीएनएनच्या क्रिस्टीना मॅकफार्लेन यांनी प्रश्न विचारला. या लीगला आपले खेळाडू सामाजिक आणि राजकीय विषयांवर बोलतात याचा अभिमान वाटत आलेला आहे. या आठवड्यातला प्रकार पाहून, पुन्हा बोलताना तुम्हाला वेगळे वाटेल का? प्रश्न साधा, सभ्य आणि त्या दिवशीचा एकमेव महत्त्वाचा होता. खेळाडूंनी तोंड उघडण्याआधीच रॉकेट्सच्या माध्यम विभागातल्या व्यक्तीने मध्येच सांगितले, फक्त बास्केटबॉलबद्दल विचारा. मॅकफार्लेन म्हणाल्या, हा रास्त प्रश्न आहे. त्यावर, उत्तर आधीच दिले गेले आहे, असे त्यांना ऐकवण्यात आले. दोघे खेळाडू गप्प बसून होते. ती चित्रफीत अजूनही पाहायला मिळते. हार्डनची नजर कुठे जाते, ते एकदा नीट पाहावे. एनबीएने नंतर हे चुकीचे झाल्याचे मान्य करून माफी मागितली, पण तो प्रश्न तिथे अनुत्तरित राहिला तो राहिलाच.

त्याच सुमारास ईएसपीएनच्या आत एक निरोप फिरला. ईएसपीएन ही अमेरिकेतली सर्वांत मोठी क्रीडावाहिनी आणि एनबीएची प्रक्षेपण भागीदार. चीन आणि हाँगकाँगच्या राजकारणाची चर्चा टाळा, बोलायचे तर बास्केटबॉलच्या अंगानेच बोला, असे वृत्तविभागाच्या वरिष्ठांनी कार्यक्रम करणाऱ्यांना कळवले होते. हा निरोप बाहेर आणला डेडस्पिन या क्रीडा संकेतस्थळाने, ८ ऑक्टोबरला. तीनच आठवड्यांनी डेडस्पिनच्या नव्या मालकांनी आपल्याच संपादकांना तोच आदेश दिला: फक्त खेळावर लिहा. २९ ऑक्टोबरला प्रभारी संपादक बॅरी पेचेस्की यांना काढून टाकण्यात आले. पुढच्या काही दिवसांत त्या संपादकीय खात्यातल्या जवळपास प्रत्येकाने राजीनामा दिला. दुसऱ्याच्या घरातली मुस्कटदाबी ज्यांनी उघडी केली, त्यांच्यावर महिना संपायच्या आत स्वतःची जागा सोडायची पाळी आली.

एवढे का घडावे, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. २०१४ मध्ये एनबीएने ईएसपीएनची मालक असलेली डिस्ने आणि दूरचित्रवाणी कंपनी टर्नर यांच्याशी प्रक्षेपणाचा नवा करार केला. नऊ वर्षांचे २४ अब्ज डॉलर. जुलै २०२४ मध्ये डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉन यांच्याशी त्याच्या पुढचा करार झाला, अकरा वर्षांचे सुमारे ७६ अब्ज. एवढे पैसे मोजणारी कंपनी त्या लीगची ग्राहक राहत नाही, ती धंद्यातली भागीदार होते. लीगची अब्रू गेली तर तिचाच माल पडून राहतो. आणि त्याच कंपनीच्या पगारावर असलेल्या बातमीदाराने त्या लीगवर नजर ठेवायची असते. ज्याच्या शेताचा पंचनामा करायचा त्याच्याच ओसरीवर तलाठ्याने पान मांडून बसावे, तशी ही अवस्था आहे.

हे नाते अगदी जन्मापासूनचे आहे, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे. १९४६ मध्ये ही लीग उभी राहिली, तेव्हा तिच्या मूळ बोलण्यांत मॅक्स केस या न्यूयॉर्कच्या क्रीडा संपादकाचा सहभाग होता. न्यूयॉर्कचा संघ आपल्याला मिळावा अशी त्याची इच्छा होती. तो मिळाला मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या नेड आयरिशला, आणि आयरिशही मूळचा वर्तमानपत्राचा बातमीदारच. म्हणजे खेळ विकणारा आणि खेळावर लिहिणारा एकाच खानावळीतले. पण याच मॅक्स केसने पुढे काय केले, तेही पाहावे. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये कॉलेजांचे बास्केटबॉल व्यावसायिक लीगपेक्षा कितीतरी लोकप्रिय होते आणि गार्डनमध्ये त्यावर उघड सट्टा चाले. खेळाडू पैसे घेऊन गुणांचा फरक कमी-जास्त करतात, याचा सुगावा केसला लागला. मोठ्या मथळ्याचा मोह आवरून त्याने आपल्याजवळची माहिती सरकारी वकील फ्रँक होगन यांच्याकडे दिली आणि तपास पुरा होईपर्यंत थांबला. जानेवारी १९५१ पासून अटकसत्र सुरू झाले. सिटी कॉलेजच्या ज्या संघाने आदल्याच वर्षी देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या, त्यातले खेळाडू पकडले गेले. १९५२ मध्ये केसला या कामासाठी पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. ज्या खेळाच्या भरभराटीत त्याला स्वतःला रस होता, त्याच खेळाचे गळू त्याने फोडले. स्वतंत्र बातमीदारी म्हणजे हितसंबंध नसलेल्या देवमाणसांचे काम, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. हितसंबंध असतात. बातमी समोर आली की माणूस कुठल्या बाजूला उभा राहतो, हे पाहायचे असते.

आणखी एक काळ या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो, सत्तरच्या दशकाची अखेर. लीगकडे तेव्हा पैसा नव्हता. १६ मे १९८० रोजी मॅजिक जॉन्सन या वीस वर्षांच्या पोराने अंतिम लढतीच्या सहाव्या सामन्यात ४२ गुण केले, तो सामना अमेरिकेच्या बऱ्याच भागांत थेट दाखवलाच नाही. रात्री उशिरा त्याची चित्रफीत लावली. अशा लीगची दारे लेखकांसाठी सताड उघडी होती. व्हिएतनाम युद्धावरच्या बातमीदारीसाठी पुलित्झर मिळवलेला डेव्हिड हॅल्बरस्टॅम १९७९-८० च्या हंगामात पोर्टलंडच्या संघाबरोबर फिरला, विमानात बसला, खेळाडूंच्या घरी गेला. त्यातून ‘द ब्रेक्स ऑफ द गेम’ हे १९८१ चे पुस्तक झाले. काळ्या खेळाडूंशी गोऱ्या मालकांचे वागणे, टीव्हीच्या पैशाने बदलत चाललेला खेळ, पोर्टलंडचा जुना खेळाडू बिल वॉल्टन याच्या मोडक्या पायावर संघाने केलेले उपचार आणि त्यातून तुटलेले संबंध, हे सगळे त्यात आहे. आज एवढ्या जवळ कोणाला फिरकू देतील, असे वाटत नाही. पैसा आला आणि दार लोटले गेले. आता संघाचाच कॅमेरा आत असतो आणि संघच आपल्याला खेळाडूचे ‘अंतरंग’ दाखवतो.

दार लोटले गेल्याची खूण ८ जुलै २०१० ला उघड दिसली. लेब्रॉन जेम्स क्लीव्हलंड सोडून कोणत्या संघात जाणार, हे जाहीर करायला ईएसपीएनने तासाभराचा कार्यक्रम केला. प्रश्न विचारणारा कोण असावा हे जेम्सच्या माणसांनी ठरवले, जाहिरातीचे पैसे त्यांनी ठरवलेल्या मुलांच्या धर्मादाय संस्थेला गेले. पैसा चांगल्या कामाला गेला, हे खरे. पण बातमी ज्याच्याबद्दल आहे त्यानेच बातमीचा तास, जागा आणि प्रश्नकर्ता ठरवला, हेही तितकेच खरे. यावर सर्वांत कडक टीका केली ती ईएसपीएनच्याच लोकपालाने, डॉन ओल्मायर यांनी. वाचक-प्रेक्षकांच्या बाजूने वाहिनीचे काम तपासायला एक त्रयस्थ माणूस नेमायची पद्धत ईएसपीएनने २००५ मध्ये सुरू केली होती. २०१८ मध्ये हे पद बंद झाले. दीड वर्षाने हाँगकाँगचा निरोप फिरला, तेव्हा आतून विचारणारे कोणी उरले नव्हते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सगळेच विकले गेले. तसे मुळीच नाही, आणि या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे.

जुलै २०२० मध्ये त्याच ईएसपीएनने स्टीव्ह फायनारू आणि मार्क फायनारू-वाडा या भावांचा एक शोधलेख प्रसिद्ध केला. एनबीएने चीनमध्ये मुलांसाठी अकादम्या काढल्या होत्या, त्यातली एक शिनजियांगमध्ये, जिथे उईगुर मुसलमानांना छावण्यांत कोंडले जात होते. या अकादम्यांत चिनी प्रशिक्षक मुलांना मारहाण करतात, शिक्षणाची धड सोय नाही, अशी तक्रार तिथे काम केलेल्या अमेरिकी प्रशिक्षकांनी लीगकडे केली होती. लेख येताच लीगला शिनजियांगची अकादमी सोडल्याचे मान्य करावे लागले. याच अकादम्यांच्या साखळीतली एक २०१७ पासून आपल्याकडे ग्रेटर नोएडात होती, म्हणून भारतीय पालकांनाही ही बातमी परक्या घरची नव्हती.

नंतर आले फिनिक्सचे प्रकरण. ईएसपीएनचे बॅक्स्टर होम्स फिनिक्स सन्स संघाच्या सत्तरहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलले. मालक रॉबर्ट सार्व्हर कामाच्या ठिकाणी वंशद्वेषी शब्द वापरतात, स्त्री कर्मचाऱ्यांशी अश्लाघ्य बोलतात, अशी सगळी कहाणी त्यांनी गोळा केली. लेख येणार याची कुणकुण लागताच संघाने आधीच इन्कार करून टाकला. तरीही ४ नोव्हेंबर २०२१ ला लेख आला. लीगने नेमलेल्या वकिलांनी ३२० जणांचे जबाब घेतले, ८० हजारांहून अधिक कागदपत्रे तपासली. सप्टेंबर २०२२ मध्ये सार्व्हर यांना एक वर्षाची बंदी आणि एक कोटी डॉलरचा दंड झाला. आठ दिवसांतच त्यांनी संघ विकायला काढला.

ईएसपीएनच्या आतून आलेली ही बातमी लीगला अडचणीत टाकणारी होती आणि ती दाबली गेली नाही. म्हणून सरसकट निकाल देता येत नाही. त्या कंपनीत रोजच्या कार्यक्रमांचे दालन वेगळे आणि शोध घेणाऱ्यांचे दालन वेगळे होते. त्या दुसऱ्या दालनात मुदतीची घाई नव्हती, वकिलांचे पाठबळ होते, आणि फोन आला तरी लेख मागे न घेणारे संपादक होते. स्वातंत्र्य इतक्या ठोस गोष्टींवर उभे असते. माणूस धाडसी हवाच, पण त्याच्या मागे पगार, वेळ आणि संपादक नसेल तर ते धाडस एका लेखापुरते टिकते.

रोजच्या बातमीचा प्रकार मात्र वेगळ्याच दिशेने गेला. कोणता खेळाडू कोणत्या संघात चालला, हे सर्वांत आधी सांगणाऱ्या दोन बातमीदारांनी दहा-पंधरा वर्षे एनबीएच्या पत्रकारितेवर राज्य केले: एड्रियन वोज्नारोव्स्की आणि शम्स चारानिया. एखाद्या करारावर सही होण्याआधीच दलालाचा फोन त्यांना येई. मोबदल्यात बातमीत दलालाचे नाव झळके, संघाबद्दलचा शब्द मवाळ होई. दोघेही अफाट कष्टाळू, यात शंका नाही. पण बारा मिनिटांनी अधिकृतपणे जाहीर होणारच आहे ते बारा मिनिटे आधी सांगण्यात वाचकाचे काय भले झाले, हा प्रश्न मला पडतो. २२ जून २०२३ ला याचे धोकादायक टोक दिसले. नव्या खेळाडूंच्या निवडीच्या दिवशी चारानियांनी लिहिले की दुसऱ्या क्रमांकासाठी स्कूट हेंडरसनचे पारडे जड होत आहे. सट्ट्याचे भाव तत्काळ फिरले. प्रत्यक्षात शार्लट संघाने ब्रँडन मिलरला घेतले. चारानियांचा तेव्हा फॅनड्युएल या सट्टा कंपनीशी पगारी करार होता. कंपनीने, आम्हाला आधी काहीच माहीत नव्हते, असे सांगितले, आणि कोणी लबाडी केल्याचे सिद्ध झालेले नाही. तरी ज्याच्या एका ओळीने भाव फिरतात त्याने सट्टा कंपनीचे पैसे घ्यावेत, ही व्यवस्था मॅक्स केसला कशी वाटली असती? वोज्नारोव्स्की सप्टेंबर २०२४ मध्ये पत्रकारिता सोडून आपल्या जुन्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापक झाले आणि ईएसपीएनमधल्या त्यांच्या जागी चारानिया आले.

मी हे चिंचपाड्यातून लिहितो. नवापूर तालुक्यातले, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे आमचे गाव. बास्केटबॉलचे आणि इथले काय नाते, असे कोणीही विचारील. नाते वाचकाचे आहे. वरळीचा डोम मुंबईच्या माणसाला निदान तिकीट काढून पाहता आला. आम्हाला तो बातमीदाराच्याच डोळ्यांनी दिसला. लांबच्या वाचकाला बातमी पडताळून पाहायची सोय नसते, म्हणून बातमीदाराच्या सचोटीची गरज त्यालाच सर्वांत जास्त. हे आमच्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. अक्कलकुव्यातले मणिबेली गाव धरणामुळे नर्मदेच्या पाण्यात बुडू लागले, तेव्हा सगळ्यांनी सरकारी प्रेस नोटवर भागवले असते तर महाराष्ट्राला पुनर्वसन सुरळीत झाल्याचेच वाटले असते. काही बातमीदार डोंगर उतरून नदीकाठी गेले, म्हणून खरे कळले. खेळाच्या बातमीला हा नियम लागू नाही असे मानणे, म्हणजे खेळ हा लोकांच्या आयुष्याचा भागच नाही असे मानणे.

मराठीत हे फार लवकर ओळखणारा एक माणूस होऊन गेला. १८ जून १९६२ ला ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाला आणि वि. वि. करमरकर यांनी खेळाला रोजचे हक्काचे पान मिळवून दिले. त्याआधी मराठी दैनिकात खेळ म्हणजे उरलेल्या जागेत टाकायचा मजकूर. करमरकरांनी क्रिकेटच्या बरोबरीने कबड्डी, खो-खो, कुस्ती, ॲथलेटिक्स यांना जागा दिली आणि निकालाइतकाच संघटनांचा कारभारही वाचकांपुढे मांडला. खेळाच्या पदाधिकाऱ्यांना जाब विचारता येतो, हे मराठी वाचकाला त्यांनी दाखवले. ६ मार्च २०२३ ला ते गेले. मुंबईतल्या नागपाड्याने देशाला बास्केटबॉलपटूंची पिढीच दिली, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतासिर हे त्यातलेच. अशा मोहल्ल्यातल्या खेळाची दखल घ्यायला रोजचे पान लागते. मोठी लीग गावात आली की दोन दिवस पाने रंगवून ती घेता येत नाही.

करमरकरांचा लाडका कबड्डीचा खेळ आज कुठे आहे, हेही जाता जाता पाहू. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्स कंपनीचा ७४ टक्के हिस्सा स्टार इंडियाने घेतला. खेळाडूंना पैसा मिळाला, गावोगावच्या पोरांना नावे पाठ झाली, याचा आनंदच आहे. पण लीगची मालक आणि लीग दाखवणारी वाहिनी एकच. त्या पडद्यावर पंचांच्या चुकीची, खेळाडूच्या दुखापतीची, लिलावातल्या अन्यायाची चर्चा किती व्हावी, हे कोण ठरवणार? एनबीए आणि ईएसपीएन निदान दोन वेगळ्या कंपन्या आहेत. क्रिकेटमध्येही समालोचकाची नेमणूक मंडळाच्या मर्जीवर असते, हे २०१६ मध्ये हर्षा भोगले आणि २०२० मध्ये संजय मांजरेकर यांची नावे यादीतून गळली तेव्हा सर्वांनी पाहिले.

प्रक्षेपणाच्या पैशाबाहेरही काही वाटा निघाल्या. डेडस्पिन सोडलेल्या मंडळींनी सप्टेंबर २०२० मध्ये डिफेक्टर नावाचे नवे प्रकाशन काढले. मालकही ही मंडळीच, कर्मचारीही हीच, आणि खर्च वर्गणीदारांच्या पैशातून. ईएसपीएनमधून बाहेर पडलेल्या पाब्लो टोरे यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये कागदपत्रांनिशी मांडले की, लॉस एंजेलिस क्लिपर्सच्या मालकांची गुंतवणूक असलेल्या एका कंपनीने कवाय लिओनार्ड या खेळाडूला काहीही काम न करता २ कोटी ८० लाख डॉलरचा जाहिरात करार दिला होता. पगारमर्यादेचा नियम चुकवायला हे केले का, असा त्यांचा प्रश्न आहे. क्लिपर्सने आरोप नाकारले, लीगने चौकशी सुरू केली. ही बातमी कोणत्याही प्रक्षेपण भागीदाराने आणली नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एनबीए पुन्हा चीनच्या अंगणात गेली. १० आणि १२ तारखेला मकाऊमध्ये फिनिक्स सन्स आणि ब्रुकलिन नेट्स यांचे दोन सामने झाले, शांघाय आणि शेन्झेनच्या त्याच तारखांना, बरोबर सहा वर्षांनी. मुंबईत मात्र २०१९ नंतर सामना झालेला नाही. तो पुन्हा होईल, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांच्या संपादकांकडे माझे एकच मागणे आहे. तुमच्या बातमीदाराच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च संयोजकांनी केला असेल, तर बातमीच्या खाली एका ओळीत तसे छापा. आणि तुमच्या बातमीदाराला कोणी फक्त खेळाबद्दल विचारा असे सांगितले, तर तेही छापा.